जल हेच जीवन : यात्रेकरूंसाठी आरोग्यविचार

संस्कृतात पाण्याला ‘जीवन’ असे नाव असून ते अमरकोशातही आढळते. या नावाचा अर्थ सिंधुदुर्ग किल्ल्यावर प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. छत्रपती शिवाजी महाराजांनी इ. स. १६६४ मध्ये मालवणजवळील कुरटे बेटावर या जलदुर्गाची उभारणी सुरू केली. चोहोबाजूंनी खारा समुद्र. तरीही किल्ल्यात दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. तट कितीही भक्कम असला, तरी पिण्याच्या पाण्यावाचून दुर्ग लढविता येत नाही. देहरूपी दुर्गाचेही तसेच आहे.

प्रौढ माणसाच्या वजनापैकी सुमारे ५० ते ६० टक्के भाग पाण्याचा असतो. रक्ताभिसरण, अन्नपचन, मूत्रावाटे होणारी शरीरशुद्धी व तापमानाचे नियमन ही सर्व कार्ये पाण्यावर अवलंबून आहेत. कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही. त्यामुळे अंग थंड होत नाही आणि घाम येतच राहतो. त्यातून पाण्याबरोबर क्षारही शरीराबाहेर जातात.

महाशिवरात्रीस कुणकेश्वर येथे, तसेच आंगणेवाडीच्या श्री भराडी देवीच्या जत्रेत भाविक दीर्घकाळ रांगेत उभे असतात. रांग सोडावी लागू नये म्हणून पुष्कळजण, विशेषतः माता-भगिनी, पाणी पिण्याचे टाळतात. त्यामुळे डोकेदुखी, भोवळ, लघवीची जळजळ असे त्रास उद्भवतात. वृद्धांना तर पुरेशी तहानही जाणवत नाही. यास्तव पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. तहानेची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. लघवी गडद पिवळी होणे ही पाणी कमी पडल्याची खूण होय.

२. रांगेत उभे राहण्यापूर्वी शौचालयास जाऊन यावे. मध्येच गरज भासल्यास स्वयंसेवकांना निःसंकोच सांगावे.

३. पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असल्यास ते उकळून, थंड करून प्यावे. शहाळ्याचे पाणी व कोकम सरबतही हितकर आहे. मधुमेहींनी मात्र साखरेचे भान ठेवावे.

४. जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते वारंवार घोट घोट द्यावे.

५. उपवासात जलप्राशनाने व्रतभंग होत नाही, असे धर्मशास्त्र सांगते. वृद्ध, गर्भवती व रुग्ण यांनी निर्जळी उपवास करू नये.

६. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण वैद्यकीय सल्ल्यानेच ठरवावे.

७. कोणास भोवळ आल्यास त्यास सावलीत निजवावे, अंग ओल्या कापडाने पुसावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये; तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

पाणपोई घालणे हे आपल्या परंपरेत पुण्यकर्म मानले आहे. रांगेतील तहानलेल्या सहयात्रिकास आपल्याजवळील घोटभर पाणी देणे, ही त्याच पुण्याची लहानशी पाणपोई होय. रिकाम्या बाटल्या मात्र किनाऱ्यावर अथवा समुद्रात टाकू नयेत, ही नम्र विनंती.