काउंटरच्या अलीकडून

श्रीवर्धनला माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, तरी गिऱ्हाईक मला 'डॉक्टर'च म्हणतं आणि मीही ते कधी खोडून काढत नाही. झोपेच्या गोळीची चिठ्ठी कोण कशी पुढे करतं, हे बघून जे उमगलं ते असं.

१. 'मन लागत नाही' म्हणत बाई दुकानात येत नाही. ती पाठदुखी, धडधड, अशक्तपणा घेऊन येते आणि टॉनिक मागते. धनी मुंबईला, सासू अंथरुणावर, वाडीचं शिंपणं हिच्याकडे. दिराचं दुखणं मात्र रोज संध्याकाळी गुत्त्यावर जातं. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही हेच निघालं: नैराश्य बायकांत जास्त, व्यसन पुरुषांत. पाहणी झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण वाचताना मला आमचीच आळी दिसत होती.

२. वादळ सगळ्यांवर सारखं येतं, हे खोटं. ३ जून २०२०ला 'निसर्ग'नं आमच्या सुपारीच्या वाड्या झोपवल्या. बागायतदाराचा पंचनामा झाला, थोडीफार भरपाई आली. सुपारी उतरवणाऱ्या गड्याच्या नावावर झाडच नव्हतं, म्हणजे कागदोपत्री त्याचं काहीच गेलं नाही. नवी सुपारी धरायला पाच-सात वर्षं. तोवर त्यानं चढायचं कशावर? झोप दोघांचीही उडाली होती. चिठ्ठी घेऊन आला तो बागायतदार.

३. घराणं जितकं मोठं, तितकी चिठ्ठी लांब जाते. बडी घरं या गोळ्या माणगावहून आणतात (तेवढाच माझा धंदा बुडतो). कोळीवाड्यातल्या एका खोलीत लपवणार कुठे? पोरगं ओरडलं की आळी जमते.

४. सामाजिक-आर्थिक दर्जावरून कुणाला मनोरुग्ण ठरवू नये, असं २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. पारावरचा कायदा वेगळा. कोळ्याचा पोर बडबडला तर दारू, वकिलाचा बडबडला तर अभ्यासाचा ताण, नवी सून बडबडली तर बाहेरचं. 'ठाण्याला पाठवा' हा विनोद मात्र तिघांवरही होतो. प्रत्यक्ष ठाण्याच्या मनोरुग्णालयात जायचं तर सोबत्यासकट दोघांचा रोज बुडतो. तिथली गोळी फुकट असते, एसटी नसते.

५. मोफत म्हणजे हाताशी, असंही नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मी काउंटरवर चिकटवलाय. एका सुनेनं विचारलं, "दादा, फोन घरात एकच, तो ह्यांच्याकडे. तुमच्याकडनं लावू?" लावला. दुपारी गिऱ्हाईक नसतं तेव्हा येत जा, असं तिला सांगून ठेवलंय.