सल्ला करमुक्त, औषध करपात्र : वैद्य व औषधीविक्रेते यांच्यासाठी वस्तू व सेवा कराचा एक पाठ

रुग्णाच्या दृष्टीने वैद्याचा सल्ला आणि वैद्याने दिलेले औषध हा एकच उपचार असतो. वस्तू व सेवा कर कायदा मात्र पहिल्यास सेवा व दुसऱ्यास वस्तू मानतो. वैद्यमंडळींचे हिशेब पाहताना आम्हांस जे घोटाळे वारंवार आढळतात, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ या भेदाकडे झालेल्या दुर्लक्षात असते. प्रस्तुत लेखात या भेदाचे परिणाम क्रमाने पाहू.

१. सल्ला व उपचार

दि. २८ जून २०१७ च्या अधिसूचना क्र. १२/२०१७ अन्वये आरोग्यसेवा करमुक्त आहे. भारतात मान्यता असलेल्या कोणत्याही चिकित्सापद्धतीनुसार रोग, इजा, व्यंग, विकृती किंवा गर्भावस्था यांसंबंधी केलेले निदान, उपचार वा शुश्रूषा म्हणजे आरोग्यसेवा. आयुर्वेदाचा समावेश यात निःसंशय होतो. नोंदणीकृत वैद्याची तपासणी फी आणि रोगनिवारणार्थ केलेले पंचकर्म यांवर म्हणूनच कर नाही.

परंतु या व्याख्येचा आधार रोग हा आहे, हे विसरू नये. संधिवाताच्या रुग्णास दिलेले स्नेहन-स्वेदन हा उपचार होय. केवळ शीण घालविण्यासाठी आलेल्या ग्राहकास दिलेले तेच अभ्यंग शरीरस्वास्थ्याची करपात्र सेवा ठरू शकते. तेल तेच, हात तेच, फरक निदानाचा. तो सिद्ध करणारा कागद म्हणजे केसपेपर. त्यावर तक्रार, निदान, योजलेले कर्म व दिनांक यांची नोंद नसेल, तर करमुक्तीचा दावा लंगडा पडतो.

२. औषधविक्री

आंतररुग्णास उपचाराचा भाग म्हणून दिलेले औषध हे आरोग्यसेवेतच अंतर्भूत मानले जाते. बाह्यरुग्णाचे तसे नाही. तो चिठ्ठी घेऊन कोणत्याही दुकानात जाऊ शकतो, म्हणून त्यास विकलेले औषध ही स्वतंत्र विक्री ठरते. केरळच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणाने २०१८ मध्ये रुग्णालयांच्या प्रकरणांत हाच भेद केला. असे निर्णय मूळ अर्जदार व त्याच्यावर अधिकारक्षेत्र असणारे अधिकारी यांच्यापुरतेच बंधनकारक असतात. तथापि तपासणी अधिकारी अन्यत्रही याच तर्काने चालतात, हे ध्यानात घ्यावे.

आयुर्वेदिक औषधांवरील कराचा दर पूर्वी १२ टक्के होता. तो दि. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे.

३. नोंदणीची मर्यादा : खरी मेख

महाराष्ट्रात ४० लाख रुपयांपर्यंत नोंदणी लागत नाही, असे अनेक वैद्य धरून चालतात. ही मर्यादा केवळ वस्तूंचा पुरवठा करणाऱ्यांसाठी आहे. सेवाही देणाऱ्यास ती २० लाखांची आहे. शिवाय या मर्यादेसाठी जी एकूण उलाढाल मोजावयाची, तीत करमुक्त उत्पन्नही धरावे लागते. केवळ करमुक्त सेवा देणाऱ्यास नोंदणीची गरज नाही. परंतु सोबत करपात्र औषधविक्री सुरू झाली, की हे गणित लागू होते.

उदाहरण घेऊ. एका वैद्याची तपासणी फी वर्षास १४ लाख व औषधविक्री ८ लाख आहे. बेरीज २२ लाख, म्हणजे नोंदणी आवश्यक. कर मात्र ८ लाखांवरच, ५ टक्के दराने ४०,००० रुपये. नोंदणी न केल्यास हाच कर पुढे १८ टक्के व्याजासह व दंडासह खिशातून भरावा लागतो, कारण गेलेल्या रुग्णाकडून तो वसूल होत नाही.

मर्यादा पॅन क्रमांकानुसार मोजली जाते; दोन गावांतील दोन चिकित्सालये असली तरी उलाढाल एकत्र होते. औषधालय पत्नीच्या नावे असल्यास भांडवल, परवाना, बँक खाते व खरेदी खरोखर तिची असावी. केवळ पाटी बदलून उलाढाल विभागली जात नाही.

४. बिले व वह्या

नोंदणीकृत वैद्याने सल्ला व औषध यांच्या रकमा बिलात वेगळ्या दाखवाव्यात. नोंदणी नसलेल्या ग्राहकास दोन्ही मिळून एकच 'इनव्हॉइस-कम-बिल ऑफ सप्लाय' देण्याची सोय नियमात आहे. खरेदीवरील कराची पूर्ण वजावट घेऊ नये; जो खर्च सल्ला व विक्री दोहोंसाठी झाला, त्यावरील वजावट उलाढालीच्या प्रमाणात सोडावी लागते. घरमालक नोंदणीकृत नसेल, तर व्यापारी गाळ्याच्या भाड्यावरील कर १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणीकृत भाडेकरूने भरावयाचा आहे. कंपोझिशन योजनेतील भाडेकरूस मात्र यातून पुढे वगळण्यात आले.

५. लेखापरीक्षण

विभागीय लेखापरीक्षणापूर्वी किमान १५ कामकाजाच्या दिवसांची सूचना मिळते. परीक्षण सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत संपावे असा नियम असून आयुक्त ही मुदत आणखी सहा महिने वाढवू शकतात. वह्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम दिनांकापासून ७२ महिने जपाव्यात. अधिकारी प्रायः तीन गोष्टी ताडून पाहतात : आयकर विवरणातील जमा व जीएसटी विवरणातील उलाढाल, औषधखरेदी व विक्री, आणि बँकेतील भरणा व बिले. ही जुळणी दर तिमाहीस आपणच करावी. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी कलम ७४अ लागू आहे. लबाडीचा हेतू नसल्यास नोटिशीनंतर ६० दिवसांत कर व व्याज भरणाऱ्यास या कलमाखाली दंडातून सुटका मिळते. म्हणून नोटीस बाजूस ठेवून देणे हा सर्वांत महाग मार्ग होय.

६. धोरणाविषयी

दर ५ टक्के झाला हे स्वागतार्ह आहे. परंतु औषधनिर्मात्यांच्या प्लास्टिक बाटल्यांसारख्या वेष्टनावर १८ टक्के कर लागतो, त्यामुळे जमा कर साचून राहतो. त्याच्या परताव्याच्या सूत्रात सेवा व यंत्रसामग्रीवरील कर धरला जात नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे सूत्र वैध ठरविले. लहान रसशाळांवर हा भार पडतो. तसेच करमुक्त फी मोजून वैद्यास नोंदणीच्या कक्षेत ओढणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. नोंदणीसाठी केवळ करपात्र विक्री मोजावी, अशी मागणी संघटनेने जीएसटी परिषदेपुढे मांडणे उचित होईल. तोपर्यंत आहे तो कायदा पाळणे क्रमप्राप्त आहे. या आर्थिक वर्षातील फी व औषधविक्री यांची बेरीज प्रत्येक सभासदाने आजच करून पाहावी, एवढेच सुचवितो.