म्हातारपणची दृष्टी आणि आपला आहार

घरातील वडीलधारी माणसे वर्तमानपत्र डोळ्यांशी अगदी जवळ धरून वाचू लागली, म्हणजे ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’ असे आपण सहज म्हणून जातो. पुष्कळदा ते खरेही असते. काही वेळा मोतीबिंदू झालेला असतो व शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळते. परंतु कधी कधी दोष निराळाच असतो. ओळीतील नेमकी मधली अक्षरे पुसल्यासारखी होतात. दाराची सरळ चौकट वाकडी भासते. समोर आलेल्या नातवाचे केस व खांदे दिसतात, पण चेहरा ओळखू येत नाही. वयपरत्वे होणारा हा पीतबिंदूचा ऱ्हास होय. आहाराने तो रोखता येईल काय, या प्रश्नाचा शोध कसा घेतला गेला, हे आम्ही येथे सांगणार आहोत.

डोळ्याच्या आतील मागच्या बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्याच्या मध्यभागी एक लहानशी पिवळसर जागा आहे, तीच पीतबिंदू. वाचणे, सुईत दोरा ओवणे, चेहरा ओळखणे ही सारी बारीक कामे या जागेवर अवलंबून असतात. तिचा पिवळा रंग मुख्यतः ल्युटीन आणि झिॲक्सँथिन या दोन द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये आपले शरीर तयार करू शकत नाही; ती अन्नातूनच मिळवावी लागतात. पालकासारख्या हिरव्या पालेभाज्या, पिवळा मका आणि अंड्याचा बलक ही त्यांची स्थाने होत. पालेभाजीतील हिरव्या रंगाखाली हा पिवळा रंग झाकलेला असतो, म्हणून तो आपल्याला दिसत नाही, इतकेच.

१९९४ साली अमेरिकेतील संशोधक जोहाना सेडन व त्यांचे सहकारी यांनी रोगी आणि निरोगी माणसांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध केली. ही व यांच्याच वर्गातील इतर रंगद्रव्ये मिळून आहारातून सर्वांत अधिक घेणाऱ्या गटात प्रगत ऱ्हासाचे प्रमाण, सर्वांत कमी घेणाऱ्या गटाच्या मानाने, शेकडा ४३ ने कमी आढळले. पण एवढ्यावरून पालकाने डोळे वाचले असे म्हणता येईल काय? भाजी नेमाने खाणारा माणूस कदाचित धूम्रपान करीत नसेल, प्रकृतीची अधिक काळजी घेत असेल. दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. त्यासाठी परीक्षा घ्यावी लागते.

तशी परीक्षा अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १९९२ सालीच आरंभिली होती. अकरा केंद्रांतून ५५ ते ८० वर्षे वयाची ४,७५७ माणसे त्यात सहभागी झाली. पीतबिंदूच्या परीक्षेसाठी त्यांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे, चार गट पाडण्यात आले. एकास क व ई जीवनसत्त्वे आणि गाजरात असते ते बीटा-कॅरोटीन, दुसऱ्यास जस्त व थोडे तांबे, तिसऱ्यास हे सारे, आणि चौथ्यास दिसण्यात तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली. कोणास काय मिळते हे घेणाऱ्यासही ठाऊक नव्हते आणि त्याचे डोळे तपासणाऱ्या वैद्यासही नव्हते. आशेने निकाल वाकू नये म्हणून ही दक्षता. सरासरी सहा वर्षांहून अधिक काळ या लोकांवर लक्ष ठेवण्यात आले आणि २००१ साली निकाल प्रसिद्ध झाला.

ज्यांचा विकार मध्यम अवस्थेत होता, किंवा एका डोळ्यात प्रगत झाला होता, त्यांच्यापैकी औषधहीन गोळी घेणाऱ्या शंभरांत सुमारे २८ जणांचा विकार पाच वर्षांत प्रगत अवस्थेस पोहोचला. तिन्ही जीवनसत्त्वे, जस्त व तांबे घेणाऱ्यांत सुमारे २०. म्हणजे शंभरांत आठ माणसे त्या काळापुरती वाचली. हा लाभ लहान नव्हे. पण तो सर्वांना नव्हता. ज्यांचा विकार अगदी आरंभीचा होता त्यांना फायदा आढळला नाही. मोतीबिंदूवर या गोळ्यांचा परिणाम झाला नाही. गेलेली दृष्टीही त्यांनी परत आणली नाही.

येथे हे काम संपले असते, तर एक उणीव तशीच राहिली असती. १९९४ साली फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरील मोठ्या परीक्षेत, बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढलेला दिसला होता. म्हणून २००६ साली नेत्रसंस्थेने एमिली च्यू यांच्या नेतृत्वाखाली दुसरी परीक्षा सुरू केली. तीत ४,२०३ माणसे होती. मूळच्या गोळीत ल्युटीन व झिॲक्सँथिन घातले, किंवा मत्स्यतेलातील स्निग्धाम्ले घातली, तर लाभ वाढतो काय, आणि बीटा-कॅरोटीन वगळता येते काय, हे पाहावयाचे होते. २०१३ साली उत्तर आले. नव्या द्रव्यांच्या भरीने एकंदरीत लाभ वाढला नाही आणि मत्स्यतेलाचाही उपयोग दिसला नाही. मात्र बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत, विशेषतः पूर्वी धूम्रपान केलेल्यांत, फुप्फुसाचा कर्करोग अधिक आढळला. तेव्हा त्याच्या जागी ल्युटीन व झिॲक्सँथिन घालावे असे ठरले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या पाहणीने हा निर्णय योग्य ठरविला. आपल्याच नावाजलेल्या औषधातील दोष शोधून तो उघडपणे सांगणे, यातच या संशोधकांचा खरा मोठेपणा आहे असे आम्हांस वाटते.

याचा अर्थ गाजर वाईट असा कोणी करू नये. धोका दिसला तो गोळीतील मोठ्या मात्रेचा. ताटातले अन्न आणि बाटलीतली गोळी या दोन वस्तू एक नव्हेत. जस्ताचीच मात्रा पाहा: त्या पहिल्या गोळ्यांतून दिवसाला ८० मिलिग्रॅम जस्त पोटात जाई, आणि प्रौढ माणसाची रोजची गरज साधारण आठ ते अकरा मिलिग्रॅमची. एवढी मात्रा जाहिरात वाचून घेण्याजोगी नाही. नेत्रवैद्याने डोळा तपासून सांगितले तरच घ्यावी.

मग आपण घरी काय करावे? पालेभाजी नेमाने खावी. तिच्यातील ही पिवळी द्रव्ये स्निग्ध पदार्थाबरोबर चांगली शोषली जातात. तेव्हा भाजीला तेलाची साधी फोडणी उपयोगाचीच आहे. धूम्रपानाच्या वाटेस जाऊ नये, कारण या विकाराचे ते एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण आहे. आणि विद्यार्थिमित्रांनो, एक काम तुम्ही आजच करू शकाल. आजी-आजोबांना चष्मा लावून, एकेक डोळा झाकून खिडकीच्या उभ्या गजांकडे पाहावयास सांगा. गज वाकडे दिसले किंवा मध्येच तुटलेले भासले, तर त्यांना विनाविलंब नेत्रवैद्याकडे घेऊन जा. या विकाराच्या एका प्रकारात उपचाराला उशीर झाला, तर गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही. मात्र गज सरळ दिसले म्हणून वैद्याकडील नेहमीची तपासणी चुकवू नये.