इतिहासाची इंटर्नशिप : कुठे करायची, काय शिकायचे?

प्रश्न : माझी पुतणी इतिहास घेऊन एम.ए. करते आहे. या सत्रात इंटर्नशिप करावी लागणार, असे ती सांगते. इंजिनिअरिंगची मुले कारखान्यात जातात, नर्सिंगच्या मुली दवाखान्यात जातात. इतिहासाच्या मुलीने जायचे कुठे? त्यासाठी पुण्या-मुंबईत खोली करून राहावे लागेल का? तिला मोडी वाचता येत नाही. शिवाय जुने कागद आता इंटरनेटवर आले आहेत म्हणतात. मग तिथे जाऊन ती करणार काय?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : आपल्या पत्रात चार शंका आहेत. काम कोणते असते, ते कुठे मिळते, त्यासाठी आधी काय यावे लागते आणि कागद ऑनलाइन आल्यावर माणसाची गरज उरते का. एकेक घेऊ.

आधी हे आले कुठून ते पाहू. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा नवा आराखडा २०२३-२४ पासून लागू झाला. त्यात पहिल्याच वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण आहे. मुले त्याला ‘ओजेटी’ (ऑन जॉब ट्रेनिंग) म्हणतात. एका श्रेयांकाला साधारण ३० तास धरले, तर हे काम १२० तासांचे होते. नेमका हिशेब तिच्या विभागाकडून लेखी घ्यावा. यामागचा विचार आपल्याला नवा वाटू नये. तुळजापुरात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे आवार आहे. तिथल्या समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावेच लागते, कारण गाव पुस्तकातून पुरते कळत नाही. इतिहासाचेही तसेच आहे. मूळ कागद एकदाही हाती न घेता एम.ए. होता येत होते. ती उणीव या १२० तासांनी भरून काढायची आहे.

आता काम कोणते? अभिलेखागारापासून, म्हणजे जुने कागद जपून ठेवणाऱ्या जागेपासून, सुरुवात करू. तिथे दिवसभर बसून बखरी वाचायच्या असतात, हा पहिला गैरसमज. जुने कागद कापडात बांधून ठेवलेले असतात. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. रुमाल सोडायचा, मऊ ब्रशने धूळ झाडायची, पाने मोजायची आणि एकेका कागदाची नोंद करायची : तारीख काय, कोणी कोणाला लिहिले, विषय काय, कागदाची अवस्था कशी. लिहायला पेन्सिलच वापरायची, कारण शाईचा डाग पुसता येत नाही. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावायची नाही, कारण तिचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. आणि पाने ज्या क्रमाने सापडली तो क्रम मोडायचा नाही. बिनतारखेच्या कागदाचा काळ पुष्कळदा त्याच्या शेजारच्या कागदावरून ठरतो. क्रम मोडला की तो पुरावाही गेला.

तारीख लिहिणे वाटते तितके सोपे नसते. आपल्याकडच्या, हैदराबादच्या निजामाच्या काळातल्या कागदांवर फसली साल (महसुली वर्ष) असते. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो; पण फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे महिनाही पाहावा लागतो. फसली १३५८ म्हणजे ऑक्टोबर १९४८ पासून पुढचे वर्ष. मराठी कागदांवर शके किंवा शुहूर सन भेटतो, फारसी कागदांवर हिजरी. ही कालगणना विद्यार्थी वर्गात एका तासात ऐकतो आणि विसरतो. शंभर कागदांच्या तारखा स्वतः लावल्या की ती कायमची बसते.

अशा याद्यांवरच पुढचे संशोधन उभे राहते. पुण्याच्या पेशवे दप्तरातून इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध केले. मराठ्यांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांकडे जावे लागते. इतक्या थोड्या वर्षांत हे झाले, कारण सरदेसाईंच्या हाताखाली रुमाल सोडून कागद निवडणारे आणि नकलून घेणारे मदतनीस होते.

संग्रहालयाचे काम निराळे. पाहुण्यांना फिरवून माहिती सांगणे हा त्याचा लहानसा भाग आहे. मोठा भाग प्रेक्षकांना दिसत नाही. प्रत्येक वस्तूला नोंदवहीत क्रमांक असतो. वस्तू मोजायची, तोलायची, शेजारी मापपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, कुठे तडा आहे, कुठे गंज आहे ते लिहायचे आणि ती कुठून आली याचा तपास नोंदवायचा. जुने नाणे चिंच-लिंबाने घासून चकचकीत करणे ही अनेकांना सेवा वाटते. प्रत्यक्षात त्या घासण्यात धातूवरचा जुना थर जातो, अक्षरे झिजतात आणि नाणे ओळखण्याची खूणच पुसली जाते.

हे शिकण्यासाठी उत्तम जागा आपल्या धाराशिव जिल्ह्यातच आहे. तेरणेकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात या बाजारपेठेचे नाव येते. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी परिसरात सापडलेल्या वस्तू जमवल्या आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तिथे आहे. सातवाहनकालीन मातीच्या मूर्ती, मणी, नाणी, हस्तिदंती काम असा हा संग्रह आहे. त्यातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतल्या पॉम्पेई इथे १९३८ मध्ये सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे, म्हणून जगभरचे अभ्यासक तेरचे नाव घेतात. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेले, त्यामुळे तिथल्या मूर्तीचा काळ त्यानंतरचा असूच शकत नाही. मात्र उत्खननात थराथरातून निघालेली वस्तू आणि शेतात वर पडलेली सापडलेली वस्तू यांत फरक असतो. दुसरीचा थर कळत नाही, म्हणून ती कोणत्या जागी मिळाली ही नोंदच तिचा आधार. ती का जपायची, हे तेरच्या कपाटासमोर उभे राहिले की लगेच पटते.

पुण्या-मुंबईला जावेच लागते का? नाही. जायला हरकत नाही : मुंबईत राज्याचे मुख्य अभिलेखागार आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, पुण्यात पेशवे दप्तर, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज आहे. जवळ हवे असेल तर छत्रपती संभाजीनगरला राज्य अभिलेखागाराची शाखा आणि विद्यापीठाचे इतिहास वस्तुसंग्रहालय आहे. पण मराठवाड्याच्या विद्यार्थ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपला इतिहास एका शहरात साठवलेला नाही. १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, म्हणून वरिष्ठ कचेऱ्यांचे कागद हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. गावपातळीचे कागद जिल्हा आणि तहसील कचेऱ्यांच्या रेकॉर्ड रूममध्ये आहेत. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्गाचेच पाहा. १८५३ च्या तहाने तो मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला, १८६० मध्ये परत निजामाकडे आला. मधल्या काळात फिलिप मेडोज टेलर तिथे अधिकारी होता आणि त्याच्या आत्मचरित्रात नळदुर्गच्या कारभाराची हकिकत आहे. पुढे १९०४ पर्यंत जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गलाच होते. म्हणजे एकाच किल्ल्याची माहिती फारसी, उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा चार भाषांत विखुरलेली आहे.

यातूनच मोडीच्या शंकेचे उत्तर मिळते. मोडी ही वेगळी भाषा आहे असे पुष्कळांना वाटते. ती लिपी आहे, भाषा मराठीच. अक्षरओळख काही आठवड्यांत होते, हात बसायला महिने लागतात. पुराभिलेख संचालनालय वेळोवेळी मोडीचे वर्ग घेते. इंटर्नशिपच्या आधी तो वर्ग केला तर सोन्याहून पिवळे. पण मोडी येत नाही म्हणून थांबायचे कारण नाही. पृष्ठांकन, छायाचित्रण, इंग्रजी व देवनागरी कागदांची यादी, वस्तूंची नोंद ही कामे तिच्यावाचून होतात. उलट, मोडी आली म्हणजे सगळे आले, हेही मराठवाड्यात खरे नाही. निजामी राजवटीत कारभाराची भाषा आधी फारसी आणि १८८०च्या दशकापासून उर्दू होती. उर्दू शिकलेला इतिहासाचा मराठी विद्यार्थी इथे दुर्मिळ आहे आणि त्याची गरज मोठी आहे.

ही गरज २०२३ मध्ये सगळ्या मराठवाड्याने पाहिली. मराठा आरक्षणाच्या मागणीवरून कुणबी नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि तहसिलांमधली खासरा पत्रके, पाहणी पत्रके, शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर निघाली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली. समिती हैदराबादलाही गेली. जुना कागद ही फक्त विद्वानांची गोष्ट नाही, सामान्य घराच्या हक्काशी त्याचा संबंध येतो, हे त्या वेळी लोकांना कळले.

राहिली इंटरनेटची शंका. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ घरबसल्या पाहता येते, संग्रहालयांच्या नोंदींसाठी पुण्याच्या सी-डॅकने ‘जतन’ ही प्रणाली तयार केली आहे. पण स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसते चित्र. त्याची तारीख, व्यक्ती, गाव आणि विषय कुणीतरी माणसाने नोंदवल्याशिवाय तो शोधात येत नाही. आणि नोंद जशी केली तसाच तो सापडतो. जुन्या इंग्रजी कागदांत नळदुर्ग ‘नलद्रूग’ अशा वळणाने लिहिलेला असतो. धाराशिव कुठे त्याच नावाने, तर कुठे उस्मानाबाद म्हणून येते. ही सगळी रूपे एका गावाची आहेत, हे संगणकाला त्या भागाचा माणूसच सांगू शकतो. मोडीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले, त्यामुळे ती संगणकावर लिहिता येते. यंत्राने हस्ताक्षर वाचावे असे प्रयत्नही चालू आहेत. मात्र त्यासाठी आधी माणसांनी अचूक वाचून दिलेली हजारो पाने लागतात. म्हणजे डिजिटल कामाने विद्यार्थ्याची गरज वाढवली आहे.

आपल्या गावातही काम आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात सोलापूरच्या हद्दीवर सत्याग्रहींचे कॅम्प होते. तो काळ कळत्या वयात पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे, तारीख-ठिकाणासह उतरवून काढणे हेही इतिहासाचेच प्रशिक्षण आहे, आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही. तीर्थक्षेत्री पुजाऱ्यांच्या घरी यजमानांच्या नोंदवह्या असतात. त्यांचा अभ्यास करायचा तर घरधन्याची परवानगी आधी घ्यावी आणि लोकांच्या वंशावळी इंटरनेटवर टाकू नयेत. त्या कुटुंबांच्या खासगी गोष्टी आहेत.

प्रवेशाची रीत सरळ आहे. विभागप्रमुखांचे पत्र, कामाचा विषय, तारखा आणि ओळखपत्र जोडून दोन-तीन महिने आधी अर्ज करावा. तेरसारख्या शासकीय संग्रहालयासाठी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची, तर राज्य अभिलेखागारासाठी पुराभिलेख संचालनालयाची परवानगी लागते. सरकारी ठिकाणी मानधन मिळेलच असे धरू नये. राहण्या-जाण्याचा खर्च आधी मोजावा. जवळची जागा निवडण्याचे हेही एक कारण आहे.

प्रमाणपत्राने नोकरी लागते का, हे आपण विचारले नाही, तरी ते मनात असणार. नुसत्या प्रमाणपत्राने लागत नाही. अभिरक्षक किंवा पुराभिलेखाच्या पदांना वेगळी पात्रता आणि स्पर्धा असते. संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम करावा लागतो. बडोद्याच्या विद्यापीठात तो १९५२ पासून चालतो. पण या वाटेने जायचे की नाही, ते १२० तासांत नक्की कळते. आणि शिक्षक झाली तरी मूळ कागद पाहिलेली शिक्षिका वेगळी शिकवते.

म्हणून पुतणीला एवढेच सांगा : फार पसारा घेऊ नकोस. एक रुमाल किंवा एक कपाट घे, त्याची यादी पुरी कर, तारखा पुन्हा तपास आणि त्या यादीची एक स्वच्छ प्रत त्याच संस्थेत ठेवून ये. पुढचा अभ्यासक तिथूनच कामाला लागेल.