ऑर्गनचे सॉकेट आणि केबलची ओढ

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतला नाटकांचा हंगाम दिवाळीच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, आरमोरी, कुरखेडा या टापूत धान निघाले की गावोगाव मंडप पडतात. दिवसा बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, रात्री नाटक, आणि तेही पहाटेपर्यंत. 2023 साली झाडीपट्टीतले नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीकडे बाहेरच्यांचे लक्ष गेले, पण तिचा निम्मा भार वाहणाऱ्या ऑर्गन-ऑक्टापॅडबद्दल फारसे कुणी लिहीत नाही. ही वाद्ये रात्रीमागून रात्री नव्या गावी टेम्पोतून उतरतात. अंधारात त्यांत केबली खोचल्या जातात, आणि पहाटे झोपेच्या डोळ्यांनी त्या उपसल्या जातात. अशा राबणुकीत पट्ट्या टिकतात, आतली चिप टिकते, आणि मान टाकते ते मागचे सॉकेट. ते विजेने खराब होत नाही, ओढीने खराब होते. त्यामुळे ज्या दुरुस्तीत ओढीचा बंदोबस्त केलेला नाही, तिला मी दुरुस्ती म्हणायला तयार नाही.

पुरावा वाद्य उघडल्यावर समोरच दिसतो. मोठ्या पिनचे, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे सॉकेट हलक्या ऑर्गनमध्ये बहुधा थेट प्लेटवर, म्हणजे सर्किट बोर्डवर, सोल्डर केलेले असते. महागड्या वाद्यात तेच सॉकेट बाहेरून धातूच्या नटाने बॉडीला कसलेले असते, म्हणून केबल ओढली गेली तर ताण बॉडी घेते. नट नसेल तिथे सगळा ताण सोल्डरच्या चार-पाच टिपक्यांवर येतो, आणि सोल्डर हा मुळात मऊ धातू. भिंग लावून पाहिले तर पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते, पाय टिपक्याच्या मधोमध सुटा झालेला असतो. पिन एका अंगाला दाबली की आवाज येतो आणि सोडली की जातो, त्याचे कारण ही भेग. त्यात पिनला कन्व्हर्टर आणि कन्व्हर्टरला दुसरी केबल जोडली असेल, तर बोटभर लांबीची तरफच तयार होते. कुणाचा पाय अडखळला तर तेवढा एक हिसका पुरतो.

अर्थात आवाज गेला की सॉकेटच गेले असे धरून पेचकस हातात घेऊ नये. आधी खात्रीची दुसरी केबल लावून पाहावी, कारण केबल पिनच्या मानेपाशी आतून तुटलेली असणे हेही तितकेच घडते. दुसरी खूण जरा फसवी आहे. कुठलीच पिन लावलेली नसताना ऑर्गनचा स्वतःचा स्पीकर मुका झाला, तर पुष्कळजण स्पीकर किंवा आयसी जळाली असे समजतात. पण हेडफोनच्या सॉकेटमध्ये एक पत्ती असते. पिन आत गेली की ती उचलली जाते आणि स्पीकर तोडते. ती वाकून उचललेलीच राहिली, तर पिन नसतानाही वाद्याला वाटते की पिन आहे. अडॅप्टरच्या सॉकेटातही बहुधा अशीच पत्ती सेलचा पुरवठा तोडायला असते. शंका राहिली तर अडॅप्टर काढावा, सेल काढावेत आणि मल्टिमीटर बीपवर ठेवावा. एक काडी केबलच्या दुसऱ्या अंगाच्या पिनच्या टोकावर, दुसरी प्लेटवर त्या पायाला मिळणाऱ्या पुढच्या जागेवर टेकवून सॉकेटातली पिन हलवावी. बीप तुटला की रोग सापडला.

आता औषधाकडे वळू. त्यातही आधी चुकीच्या औषधाकडे, कारण बाजारात तेच जास्त चालते. फेविक्विक पातळ असते, भेगेतून वर चढून पत्तीवर पसरते आणि तिथे वीज न वाहणारा थर धरते. मग जे सॉकेट फक्त सैल होते ते कायमचे बंद पडते. तेल मारल्याने तात्पुरती खरखर थांबते आणि नंतर त्याच तेलावर मंडपातली धूळ बसते. तिसरा प्रकार सर्रास होतो: भेगेवर सोल्डरचा आणखी एक गोळा चढवायचा. आवाज येतो, गिऱ्हाईक खूश होते. पण ओढ होती तिथेच आहे, सॉकेट अजूनही त्याच पायांवर उभे आहे, म्हणून भेग पुन्हा पडते. शिवाय दर वेळच्या तापाने प्लेटवरचा तांब्याचा पातळ पत्रा सुटत जातो. तो उपटला की साधे काम अवघड होते.

नीट काम असे होते. जुन्या सॉकेटचा मोह सोडायचा. ते अख्खे उपटण्याऐवजी कटरने कापून तुकडे करायचे आणि एकेक पाय वेगळा काढायचा, म्हणजे सगळे पाय एकदम तापवावे लागत नाहीत. 2006 नंतरच्या बहुतेक वाद्यांत शिसे नसलेले सोल्डर असते. ते 217 अंशांच्या आसपास वितळते, तर जुने 63-37 चे कथील-शिसे 183 अंशांना. म्हणून आधी त्यावर थोडे जुन्या प्रकारचे सोल्डर मिसळायचे, मग ओढून घ्यायचे. अर्थिंगचा पाय उष्णता पितो, तिथे सोल्डरिंगची किरकोळ इस्त्री मिनिटभर टेकवून ठेवण्यापेक्षा दमदार इस्त्री तीन सेकंद बरी. पत्रा निघालाच असेल, तर पातळ वायरने पाय पुढच्या जागेला जोडता येतो. पण खरी गोष्ट यापुढे आहे: नवे सॉकेट पुन्हा प्लेटवर बसवण्याऐवजी नटवाले घ्यावे, ते बॉडीत कसावे आणि तिथून मऊ वायरी प्लेटपर्यंत आणाव्यात. मग ओढ लागेल ती बॉडीला.

यावर पहिला आक्षेप येतो की बॉडीला भोक पाडले तर वाद्याची किंमत उतरते. उतरते. ज्याला वाद्य विकायचे आहे त्याने जागच्या जागी तसलेच सॉकेट बसवावे, मात्र त्यात वीतभर एक्स्टेन्शन कायमची लावून ती बॉडीला घट्ट बांधावी. रोजची खोच-उपस त्या तुकड्यात होईल. तो तुटला तर नवा मिळतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हंगाम थांबत नाही, नागपूरला वाद्य पाठवायला दिवस नाही, उद्या रात्री दुसऱ्या गावी प्रयोग आहे. मान्य. पण घाई हे इस्त्री उचलण्याचे कारण होऊ शकत नाही. त्या रात्रीपुरते हेडफोनच्या सॉकेटातून मिक्सरला आवाज देता येतो, फक्त केबल स्टिरिओ पिनची हवी. मोनो पिन घातली तर उजव्या बाजूचे आउटपुट अर्थिंगला शॉर्ट होते. अडॅप्टरचे सॉकेट गेले असेल तर छोटे ऑर्गन सेलवर चालतात. बहुतेकांना सहा सेल लागतात आणि ते गावातल्या दुकानात मिळतात. हेही नसेल तर स्पीकरसमोर माईक ठेवावा. आवाज थोडा पातळ येईल, प्रयोग मात्र अडणार नाही.

अडॅप्टरच्या सॉकेटाबाबत मात्र मी कुणालाही सवलत देणार नाही. यामाहाच्या छोट्या ऑर्गनला साधारणपणे 12 व्होल्ट आणि मध्यभागी धन ध्रुव लागतो, रोलँडच्या ऑक्टापॅडला 9 व्होल्ट आणि मध्यभागी ऋण. पिन दिसायला जवळजवळ सारखी, आत वीज नेमकी उलटी. सॉकेट बदलताना दोन वायरींची अदलाबदल झाली किंवा मंडपात दुसऱ्याचा अडॅप्टर खोचला, तर दहा-वीस रुपयांच्या भागापायी मुख्य प्लेट जाऊ शकते. म्हणून कापण्याआधी मोबाईलवर फोटो काढावा, आणि बॉडीवरची धन-ऋण दाखवणारी वर्तुळांची खूण वाचल्याशिवाय पुरवठा देऊ नये. यूएसबीचे बारीक सॉकेट हे घरच्या इस्त्रीचे काम नाही. ॲम्प्लिफायर, पॉवर्ड स्पीकर किंवा आतच ट्रान्सफॉर्मर असलेला मिक्सर तर उघडूच नये. त्यात 230 व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही मोठे कॅपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. वॉरंटी चालू असेल तर कुठलाच स्क्रू फिरवू नये.

ओढीचा बंदोबस्त निम्मा तर इस्त्रीशिवायच होतो. काटकोनी पिन वापरावी. केबल स्टँडच्या पायाला एक वेढा देऊन मगच सॉकेटापर्यंत न्यावी आणि शेवटचा हातभर भाग सैल ठेवावा. उपसताना वायर न धरता पिन धरावी. हे वादकाने मंडप उभारणाऱ्या पोरांनाही सांगावे, कारण पहाटे गुंडाळागुंडाळ तेच करतात. आणि नाटक कंपनीच्या मालकांना एक विनंती: होळीनंतर वाद्ये कपड्यात गुंडाळून ठेवण्यापूर्वी प्रत्येक सॉकेटात पिन घालून एकदा हलवून पाहा. जे खरखरते ते रोवणीच्या दिवसांतच कारागिराकडे द्या, मंडईची तारीख ठरायची वाट पाहू नका.