घरी भरणारी शाळा : विशेष गरजा असणाऱ्या किशोरवयीन मुलांचे दूरस्थ शिक्षण

मार्च २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळा बंद कराव्या लागल्या. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे सूत्र स्वीकारून भ्रमणध्वनी, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या साहाय्याने अध्यापन चालू ठेवण्याचा प्रयत्न झाला. पुढे ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावीचे आणि शहरी भागात आठवी ते बारावीचे वर्ग पुन्हा भरू लागले. बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने घरून शिकण्याचा अध्याय हळूहळू संपला. परंतु काही मुलांच्या बाबतीत तो साथीपूर्वीही चालू होता आणि आजही चालू आहे. तीव्र स्वरूपाचे दिव्यांगत्व, दीर्घ आजार, वारंवार कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रिया किंवा शाळेपर्यंत नेणाऱ्या वाहनाचा अभाव यांमुळे ही मुले घरी असतात. साथीच्या काळात जे शिकावयास मिळाले, त्याचा खरा उपयोग या मुलांसाठी व्हावयास हवा.

त्यांतही किशोरवयीन मुलांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लहान मुलाला उचलून शाळेत नेता येते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला उचलणे आईला शक्य होत नाही. आठवीनंतर विषय कठीण होतात, शाळा दूर जाते आणि ‘आता याला शिकवून काय करावयाचे?’ असा प्रश्न घरातच विचारला जाऊ लागतो. याच टप्प्यावर हजेरीपटावरील नाव राहते, परंतु विद्यार्थी मात्र शिक्षणातून निसटतो.

कायद्याने दिलेला हक्क

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा या वयोगटासाठी आहे. २०१२ मध्ये त्यात झालेल्या सुधारणेनुसार बहुविध अथवा तीव्र दिव्यांगत्व असणाऱ्या बालकाला गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क मिळाला. हा हक्क बालकाचा आहे. शाळेने आपली जबाबदारी घरावर सोपविण्याचा तो मार्ग नव्हे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

चौदा वर्षांनंतर काय, याचे उत्तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मिळते. १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते या कायद्याने एकवीस केले. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्या प्रत्येक बालकाला अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. जवळच्या शाळेत जावयाचे की विशेष शाळेत, ही निवड त्याची आहे. पुस्तके, अध्ययनसाहित्य व आवश्यक साहाय्यभूत साधने अठरा वर्षांपर्यंत विनामूल्य पुरविणे, परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देणे, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देणे, या गोष्टी कलम १७ मध्ये नमूद आहेत. चौदावे वर्ष सरले म्हणून शाळेचा संबंध संपला, अशी समजूत असल्यास ती दूर करणे हे शिक्षकांचे व केंद्रप्रमुखांचे पहिले काम होय.

मदत कशाला म्हणावे?

हक्क कागदावर असला तरी शिक्षण घडते ते घरातल्या कोपऱ्यात, आणि तेथे एक चूक फार सहज होते. मेंदूच्या पक्षाघातामुळे हाताची हालचाल नीट होत नसलेल्या, नववीत शिकणाऱ्या मुलाचे उदाहरण घेता येईल. शाळेकडून भ्रमणध्वनीवर स्वाध्याय येतो. मुलाला एक ओळ लिहावयास पाच मिनिटे लागतात. आई दिवसभराच्या कामाने थकलेली असते, उत्तर तिला पाठ्यपुस्तकात सापडते आणि ती ते वहीत उतरवून देते. वही पूर्ण होते, छायाचित्र शाळेकडे जाते, ‘छान’ असा शेरा येतो. वर्ष असेच सरते. दहावीच्या परीक्षेत त्या मुलाला लेखनिक मिळतो. परंतु उत्तर मनात जुळवून दुसऱ्याला सांगण्याचा सराव त्याने कधीच केलेला नसतो. लेखनिक हातात लेखणी घेऊन बसून राहतो आणि मुलगा गप्प राहतो.

या ठिकाणी आईला दोष देणे अन्यायाचे होईल. तिला कोणी पद्धतच सांगितलेली नसते. पद्धत साधी आहे : मदत मुलाच्या हाताला करावी, त्याच्या विचाराला करू नये. लिहिणाऱ्याने मुलगा जे सांगेल तेच लिहावे, चुकले तरी तसेच लिहावे, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवावे. चूक त्याची त्यालाच सापडू द्यावी. आरंभी दोन वाक्ये निघतील, महिन्याभराने पाच निघतील. शिक्षकांनीही दहा सुबक उत्तरांपेक्षा मुलाने स्वतः सांगितलेली दोन ओबडधोबड उत्तरे मोलाची मानावीत व तसे पालकांना स्पष्ट सांगावे. आज कोणते काम मुलाने मदतीवाचून केले आणि मागील महिन्यात कोणते केले होते, याची छोटी नोंद ठेवल्यास प्रगतीचे याहून विश्वसनीय माप दुसरे नाही.

गरज तशी मांडणी

सर्वांना एकच पाठ एकाच रीतीने पाठविल्यास तो पोहोचला असे म्हणता येत नाही. प्रत्येक मुलाची अडचण निराळी असते आणि पुष्कळदा उपाय बिनखर्चाचा असतो.

अंध विद्यार्थ्याच्या भ्रमणध्वनीवर पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविण्याची सोय बहुधा असते. संगणकासाठी तशी विनामूल्य प्रणालीही उपलब्ध आहे. परंतु हस्तलिखित पानाचे छायाचित्र पाठविल्यास त्या यंत्राच्या दृष्टीने ते निव्वळ चित्र ठरते. तीच गोष्ट जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकांत तयार केलेल्या मजकुराची. शिक्षकाने तोच मजकूर युनिकोड मराठीत टंकलिखित करून पाठविला, अथवा स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित केला, तर विद्यार्थी तो कोणाच्या मदतीवाचून हवा तितक्या वेळा ऐकू शकतो. आकृती व नकाशे यांचे शब्दांत वर्णन मात्र द्यावेच लागते.

कर्णबधिर विद्यार्थ्याला शिक्षकाचा चेहरा व ओठ स्पष्ट दिसले पाहिजेत. शिक्षकाने खिडकीकडे पाठ करून बसू नये, कारण मागून येणाऱ्या उजेडात चेहरा काळवंडतो. एका वेळी एकानेच बोलावे आणि पाठातील मुख्य शब्द आधी लिहून पाठवावेत. भारतीय सांकेतिक भाषेतील, म्हणजे खुणांच्या भाषेतील, शैक्षणिक कार्यक्रमांसाठी ‘पीएम ई-विद्या’ उपक्रमांतर्गत दूरचित्रवाणीवरील ३१ क्रमांकाची वाहिनी ६ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाली आहे. तिची माहिती संबंधित कुटुंबांना द्यावी.

बौद्धिक अक्षमता असणाऱ्या मुलाला एका वेळी एकच सूचना द्यावी व ती कृतीतून दाखवावी. पंधरा वर्षांच्या मुलासमोर बालवाडीची चित्रे ठेवणे मात्र त्याचा उपमर्द करणारे आहे. वजन-मापे, नाण्यांची मोड, एस. टी. चे वेळापत्रक, दुकानातील पावती हे त्याच्या वयाला साजेसे गणित होय. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम आधी माहीत असणे फार गरजेचे वाटते. तो चित्रांच्या वा शब्दांच्या तक्त्यावर भिंतीला लावावा आणि तासाची वेळ बदलणार असल्यास पूर्वसूचना द्यावी. पडद्यावर आपला चेहरा दाखविण्याची त्याच्यावर सक्ती करू नये. विशिष्ट अध्ययन अक्षमता असणाऱ्या मुलाची तोंडी उत्तरे स्वीकारावीत. मेंदूच्या पक्षाघाताच्या बाबतीत आधी बैठक पाहावी. पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, पाठीला आधार, आणि यंत्र डोळ्यांच्या पातळीवर असेल तर मूल अधिक वेळ काम करू शकते.

वेळ, यंत्र आणि एक ओळखीचा आवाज

जुलै २०२० मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत नववी ते बारावीसाठी ३० ते ४५ मिनिटांचे, दिवसाला जास्तीत जास्त चार तास घेण्याची मर्यादा सुचविण्यात आली होती. विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही कमाल मर्यादा समजावी. अनेकांना वीस मिनिटांचा पाठ, मग विश्रांती, मग हाताने करावयाचे काम, असा क्रम मानवतो.

अनेक घरांत भ्रमणध्वनी एकच असतो व तो वडिलांबरोबर शेतावर किंवा कामावर जातो. अशा घरासाठी सायंकाळची वेळ ठरवावी. जेथे संपर्कजाल पोहोचत नाही तेथे साधा दूरध्वनी, छापील कृतिपत्रिका आणि विशेष शिक्षकांची गृहभेट हीच साधने उपयोगी पडतात. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वर्गशिक्षकाचा दहा मिनिटांचा दूरध्वनी आला, तर त्या मुलाचा शाळेशी असलेला धागा तुटत नाही. हा दूरध्वनी पालकांशी बोलून संपवू नये. तो मुलाशीच असावा. बोलता न येणाऱ्या मुलाने लिहून, खुणेने किंवा चित्रफलकावर बोट ठेवून उत्तर दिले तरी तो संवादच आहे.

किशोरवयाचा मान

या वयातील कोणत्याही मुलामुलीप्रमाणे या मुलांनाही मित्र हवे असतात, मत असते, संकोच असतो. घरी शिकणाऱ्या मुलाभोवती मात्र सदैव मोठी माणसे असतात. म्हणून पाठ चालू असताना पालकाने शेजारी, किंचित मागे बसावे. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नये. मुलाला उत्तर जुळविण्यास अवधी लागतो, तो अवधी शांतपणे जाऊ द्यावा. कोणता विषय आधी घ्यावयाचा, विश्रांती केव्हा घ्यावयाची, यांसारखे निर्णय त्याला घेऊ द्यावेत.

वर्गातील दोन-तीन मुलांशी आठवड्यातून एकदा गप्पा, एकत्र प्रकल्प, स्नेहसंमेलनाच्या व सहलीच्या वेळी आवर्जून बोलावणे, यांना शिक्षणाबाहेरच्या गोष्टी मानू नये. त्याचबरोबर यंत्राच्या वापरातील धोकेही सांगावेत : परवलीचा शब्द कोणाला सांगू नये, अनोळखी व्यक्तीला छायाचित्र पाठवू नये, कोणी विचित्र बोलल्यास विश्वासाच्या माणसाला लगेच सांगावे. दिव्यांग मुलांना हे समजणार नाही असे गृहीत धरून ते न सांगणे ही मोठी जोखीम आहे.

परीक्षेचे दोन मार्ग

नियमित शाळेतून दहावीस बसणाऱ्या विद्यार्थ्याच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे वेळेत जाणे आवश्यक असते. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्र नववीतच काढून ठेवावे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला २० मिनिटांपेक्षा कमी असू नये. मिळणाऱ्या सवलतींचा सराव घरी वर्षभर व्हावयास हवा, हे वर सांगितलेच आहे.

ज्याला एकाच वर्षी सर्व विषयांचा भार पेलत नाही, त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग खुला आहे. १९७९ मध्ये प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या या कार्याला १९८९ मध्ये स्वतंत्र संस्थेचे रूप मिळाले. माध्यमिक परीक्षेसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. पाच विषय निवडून ते पाच वर्षांच्या मुदतीत, नऊ संधींमध्ये, एकेक करून उत्तीर्ण होता येते. मराठी माध्यमाचीही सोय आहे. शस्त्रक्रियेमुळे सहा महिने वाया गेले तरी आधी उत्तीर्ण केलेले विषय वाया जात नाहीत, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. तथापि मुक्त विद्यालयात नाव घातले म्हणजे शाळा सुटली, असे होऊ नये. अभ्यासाला सोबत तेथेही लागतेच.

गावाने करावयाचे काम

ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी वर्षअखेरीस सरसकट वाटून टाकण्याऐवजी त्यातील काही भाग गावातील शिकणाऱ्या मुलांच्या प्रत्यक्ष गरजा विचारून खर्चण्याचा विचार नियमांच्या मर्यादेत करता येईल. ग्रामपंचायत कार्यालयातील संपर्कजाल ठरावीक वेळी अशा विद्यार्थ्याला वापरू देणे, तेथे चाकांच्या खुर्चीसाठी उतार बांधणे, छपाईची सोय करून देणे, ही कामे अल्प खर्चाची आहेत. शाळा व्यवस्थापन समितीने घरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचा आढावा आपल्या बैठकीत घ्यावा. गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकांच्या गृहभेटी ठरल्याप्रमाणे होतात किंवा नाही, हेही पाहावे. शासकीय कार्यालयांनी परिपत्रके वाचता येण्याजोग्या युनिकोड स्वरूपात प्रसिद्ध केल्यास अंध विद्यार्थी, त्यांचे अंध पालक व शिक्षक या सर्वांचीच सोय होईल.

मात्र या सर्व व्यवस्थेचा हेतू मुलाला कायमचे घरी ठेवण्याचा नाही. प्रकृतीस झेपेल तेव्हा, आठवड्यातून एक दिवस का होईना, त्याने वर्गात येऊन बसावे, अशी योजना शाळेने करावी आणि त्याची जागा वर्गात राखून ठेवावी. मधल्या काळात घरी झालेल्या शिक्षणाची कसोटी एकच : त्या दिवशी शिक्षकांनी प्रश्न विचारला असता, आईकडे न पाहता, आपल्या रीतीने आणि आपल्या गतीने तो उत्तर देऊ शकला पाहिजे.