संकेतस्थळाकडे वाचक वळवावा कसा?

गेल्या काही वर्षांत अनेक व्यवसायबंधूंनी व औषधी विक्रेत्यांनी स्वतःचे संकेतस्थळ करवून घेतले आहे. त्यावर भगवान धन्वंतरींचे चित्र असते, पदवी व नोंदणी क्रमांक असतो, आयुर्वेदाच्या प्राचीनत्वाविषयी एक परिच्छेद असतो आणि तळाशी दूरध्वनी क्रमांक. सहा महिन्यांनी ध्यानात येते की ते कोणी उघडतच नाही. मग जाहिराती करून देणारा कोणी भेटतो आणि 'मधुमेह मुळापासून बरा' असे ठळक अक्षरांत लिहा, म्हणजे रीघ लागेल, असा सल्ला देतो. या सल्ल्याला पर्याय कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही पनवेल हे गाव डोळ्यांसमोर ठेवून करीत आहोत.

पनवेलला आयुर्वेदाचा वारसा जुना. वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी श्री धूतपापेश्वरची मुहूर्तमेढ येथेच १८७२ साली रोवली. त्या काळी वैद्याचे नाव घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पुढच्या पिढीकडे जाई, आणि तेवढे पुरत असे. आता परिस्थिती पालटली आहे. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. खारघर, कामोठे, कळंबोली येथील वसाहतींत बाहेरगावाहून आलेली कुटुंबे स्थिरावली आहेत. २०२५ च्या डिसेंबरपासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणेही सुरू झाली. या नवागतांना गावातील वैद्यपरंपरा कोण सांगणार? ते विचारतात ते हातातील भ्रमणध्वनीला. म्हणूनच ते नेमके काय विचारतात, हे जाणणे हा या विषयाचा गाभा होय.

आमच्या मते ते आयुर्वेदाची व्याख्या विचारीत नाहीत. रविवारी दवाखाना उघडा असतो का, अमुक काढा मिळेल का, बाळाचे सुवर्णप्राशन कोणत्या दिवशी, असे त्यांचे साधे प्रश्न असतात. यांतील सुवर्णप्राशनाचेच उदाहरण घेऊ. पुष्य नक्षत्र सुमारे सत्तावीस दिवसांनी येते. इंग्रजी महिन्याशी त्याचा मेळ बसत नाही, त्यामुळे पालकांना दर वेळी तारीख शोधावी लागते. वर्षभरातील पुष्य नक्षत्राच्या तारखा, शिबिराची वेळ, वयोमर्यादा आणि ताप वा सर्दी असल्यास काय करावे याविषयी चार ओळी एवढे एकच पान नीट केले, तर तोच पालक वर्षातून बारा-तेरा वेळा तेथे येईल. त्यासाठी बुद्धी अमुक पट वाढते असे सांगण्याची मुळीच आवश्यकता नाही.

ऋतुचर्या ही तर आपल्या हाती असलेली आयती दिनदर्शिका आहे. वर्षा ऋतूत वाताचा प्रकोप व बस्ती, शरदात पित्त व विरेचन, वसंतात कफ व वमन, हा क्रम आपण विद्यार्थिदशेतच पाठ केला. परंतु ऑक्टोबरच्या उकाड्यात डोळ्यांची व तळपायांची आग होणाऱ्या मनुष्यास त्याचा शरदाशी संबंध आहे, हे कोणी सांगितलेले नसते. ऋतू पालटण्याच्या पंधरा दिवस आधी त्याविषयीचे पान तयार असावे. ऋतू सरल्यावर लिहिलेले पान त्या वर्षी वाया जाते.

पावसाळ्याच्या तोंडाशी पनवेलच्या बाजारात आदिवासी भगिनी रानभाज्या घेऊन बसतात. शेवळ, टाकळा, भारंगी, कर्टुली, कुरडू. नव्या वसाहतीतील गृहिणी त्या कुतूहलाने पाहते, पण घेण्यास धजत नाही. भारंगी म्हणजे ज्या वनस्पतीचे मूळ आपण कास-श्वासात योजतो तीच, टाकळा म्हणजे चक्रमर्द, कर्टुली म्हणजे कर्कोटकी, हे तिला वैद्याने सांगावे. शेवळ घशाला खाजते म्हणून त्यात काकडे घालतात, ही माहिती तर स्थानिक सुगरणींकडूनच घ्यावी. प्रत्येक भाजीचे स्वतः काढलेले छायाचित्र, स्थानिक नाव, निघंटूतील नाव, ओळखण्याची खूण, कोणी टाळावी याची सूचना, असे एकेक पान करावे. दूरच्या कोणा मोठ्या कंपनीला हे लिहिता येणार नाही, कारण तिला पनवेलचा बाजार ठाऊक नाही. पाककृती शोधत आलेली व्यक्ती आज रुग्ण नसते हे खरे; परंतु वैद्याचे नाव तिच्या ध्यानात राहते. शंकर दाजी शास्त्री पदे यांचा 'आर्यभिषक्' घराघरांत पोहोचला तो उपयुक्ततेमुळे, हे येथे आठवावे.

आता त्या जाहिरातदाराच्या सल्ल्याकडे वळू. औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत ५४ व्याधी व अवस्था आहेत. मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा, मूतखडा, कोड, संधिवात, हृद्रोग, अपस्मार, स्त्रियांचे वंध्यत्व, अर्बुद हे सारे त्यात येतात. अमुक औषधाने या व्याधी बऱ्या होतात वा टळतात असे सुचविणारी जाहिरात करणे हा गुन्हा असून प्रथम अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा अपराध घडल्यास एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद आहे. 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या इतकी व्यापक की प्रकाश, ध्वनी वा धूर यांद्वारे केलेली घोषणाही तीत अंतर्भूत आहे! संकेतस्थळ या व्याख्येतून निसटेल, असे मानणे धाडसाचे ठरेल. नोंदणीकृत वैद्याने स्वतःच्या जागेत लावलेल्या फलकास या कायद्यात सवलत आहे, म्हणून काही जण संकेतस्थळालाही फलक समजतात. हा अर्थ आम्हास ग्राह्य वाटत नाही. आपल्या संकेतस्थळावरील 'आमच्याकडे बरे होणारे आजार' ही यादी व्यवसायबंधूंनी आजच अनुसूचीशी ताडून पाहावी. बरे झालेल्या रुग्णांची छायाचित्रे व प्रशस्तिपत्रे यांचाही मोह आवरावा.

औषधी विक्रेत्यांसाठी एक वेगळी सूचना. घरपोच विक्रीच्या यादीत सर्व कल्प एकाच रांगेत मांडले जातात. त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ आहे. वत्सनाभ, भल्लातक, कुपीलू यांसारखी द्रव्ये अनुसूची 'ई-१' मध्ये येतात आणि अशा द्रव्यांचे कल्प वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावेत असे वेष्टनावर छापावे लागते. तीच सूचना संकेतस्थळावर कल्पाच्या नावाशेजारी स्पष्ट दिसावी आणि वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मागणी स्वीकारू नये. ग्राहक येतो तो मुख्यतः साठा पाहण्यास. कोणत्या कंपनीचे कोणते आसव आज दुकानात शिल्लक आहे, एवढे जरी दर सोमवारी अद्ययावत केले, तरी खेप फुकट जाण्याच्या भीतीने न येणारा ग्राहक येऊ लागतो.

तांत्रिक बाबी थोडक्यात. आपल्यापैकी अनेकांचे जुने लेख श्रीलिपीसारख्या प्रणालीत टंकलिखित आहेत. ते तसेच चिकटविल्यास शोधयंत्राला ती मराठी वाटतच नाही. युनिकोडमध्ये रूपांतर करून मुद्रितशोधन करणे अपरिहार्य आहे. छापील पत्रकाचे नुसते छायाचित्र चढविणे हाही तसाच व्यर्थ खटाटोप. शीर्षकात 'आम्लपित्त' लिहिले तर पहिल्या ओळीत 'ॲसिडिटी' हा रुग्णाचा शब्द अवश्य यावा; शास्त्रीय संज्ञेचा त्याने अवमान होत नाही. गूगलच्या नकाशावरील व्यवसायाची नोंद विनामूल्य आहे. तीत पत्ता, वेळा व सुट्या अचूक असाव्यात, आणि तोच पत्ता अक्षरशः तसाच संकेतस्थळावर असावा. ओळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहवून घेऊ नयेत.

राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०२५ पासून २३ सप्टेंबर या निश्चित तारखेस साजरा होतो, तर धन्वंतरी पूजन धनत्रयोदशीलाच होते. दोन्ही दिवशी दवाखान्यात काही उपक्रम असल्यास त्याची सूचना किमान तीन आठवडे आधी संकेतस्थळावर द्यावी, आणि कार्यक्रम होऊन गेल्यावर ती तेथून काढावी.